अडुसष्ट तासांचे मौन

सोमवार, २८ एप्रिल १९८६ ची सकाळ. स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरील फोर्समार्क अणुवीज केंद्रात नेहमीप्रमाणे सकाळपाळी सुरू झाली होती. एक कर्मचारी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रापुढून जाऊ लागला आणि यंत्राने धोक्याचा इशारा दिला. त्याच्या बुटांना किरणोत्सर्गी धूळ लागलेली आढळली. वास्तविक तो त्या दिवशी अणुभट्टीच्या भागात अद्याप गेलाच नव्हता. मग ही धूळ आली कोठून? आपल्याच केंद्रात गळती झाली असावी, या शंकेने तेथील शेकडो कामगारांना बाहेर काढण्यात आले. काही तासांतच देशातील इतर मोजणी केंद्रांतूनही तसेच आकडे येऊ लागले. धुळीतील मूलद्रव्ये सांगत होती की ती अणुभट्टीतून निसटलेली आहेत. वारा सांगत होता की ती आग्नेयेकडून, सोव्हिएत रशियाच्या बाजूने आली आहेत.

स्वीडनच्या राजनैतिक प्रतिनिधींनी मॉस्कोत चौकशी केली. आपल्याकडे असे काही घडल्याची माहिती नाही, असे उत्तर मिळाले. आपण हा प्रश्न व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे नेऊ, असे स्वीडनने बजावले. त्याच रात्री नऊच्या सुमारास मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवर चार-पाच वाक्यांचे एक निवेदन वाचले गेले. चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला असून एका अणुभट्टीची हानी झाली आहे, उपाययोजना चालू आहे, चौकशी समिती नेमली आहे, इतकाच त्याचा आशय. अपघात केव्हा झाला, वाऱ्याबरोबर काय आणि किती गेले, याविषयी अवाक्षर नव्हते.

तो स्फोट शनिवार, २६ एप्रिल रोजी पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी झाला होता. म्हणजे पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वी सुमारे अडुसष्ट तास लोटले होते, आणि तोही अकराशे किलोमीटर दूरच्या परक्या देशातील एका कामगाराच्या बुटांनी बोलायला लावला म्हणून.

त्या अडुसष्ट तासांत काय घडले, हे आज आपणांस बऱ्यापैकी ठाऊक आहे. केंद्रापासून तीन-चार किलोमीटरवर प्रिप्यात नावाचे नवे, तरुण कुटुंबांचे शहर होते. वस्ती सुमारे एकोणपन्नास हजार. शनिवारी तेथील मुले शाळेत गेली, बाळांना हवा खायला बाहेर नेण्यात आले, एका जोडप्याचा विवाहही पार पडला. रविवारी दुपारी बसगाड्यांच्या रांगा आल्या आणि तीन दिवसांपुरते सामान घेऊन निघा, असे लोकांना सांगण्यात आले. ते लोक तेथे राहायला पुन्हा कधीच परतले नाहीत. १ मे रोजी कीव्ह शहरात कामगारदिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे निघाले आणि त्यात मुलांची पथकेही होती. मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी या विषयावर देशाला उद्देशून पहिले भाषण केले ते १४ मे रोजी.

मौनाची किंमत कोणी मोजली? स्फोटाच्या रात्री केंद्रात झुंजणाऱ्या कामगारांनी आणि अग्निशामक जवानांनी ती मोजलीच. दोन कामगार स्फोटामुळे दगावले आणि त्या वर्षात किरणोत्सर्गाच्या आजाराने आणखी अठ्ठावीस जण मृत्यू पावले. परंतु त्यांना वाचवणे कोणत्याही निवेदनाच्या हाती नव्हते. निवेदनाच्या हाती होती ती मुले. अणुभट्टीतून बाहेर पडलेले किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर उतरते, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून बालकाच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसते. आठ दिवसांत ते निम्मे होते आणि दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपते. पहिले काही आठवडे मुलांना ताजे दूध पाजू नका, इतके सांगितले असते तरी पुष्कळ साधले असते. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या बाधित प्रदेशांत त्या वेळी लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना २००५ पर्यंत थायरॉईडचा कर्करोग झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने केली असून त्यांतील मोठा वाटा त्या दुधाकडे जातो. सुदैवाने हा कर्करोग बहुधा बरा होतो; मृतांची संख्या तोवर पंधरा होती.

याच्या शेजारी पोलंडचे उदाहरण ठेवले पाहिजे. पोलंड तेव्हा मॉस्कोच्या गोटातला देश. त्यालाही मॉस्कोने काही कळवले नव्हते. २८ तारखेच्या सकाळी त्याच्या स्वतःच्या मोजणी केंद्राने हवेतील किरणोत्सर्ग टिपला. तेथील वैज्ञानिकांनी वरिष्ठांच्या अनुज्ञेची फार प्रतीक्षा न करता निर्णय घ्यायला लावला आणि २९ तारखेच्या संध्याकाळपासून मुलांना साध्या आयोडीनचे द्रावण पाजायला सुरुवात झाली. ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरलेली असली की विषारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही, हे त्यामागील साधे शास्त्र. थोड्याच दिवसांत सुमारे एक कोटी पाच लाख मुलांना ते द्रावण मिळाले. गावोगावीच्या दवाखान्यांत आणि शाळांत मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या मातांचे चित्र मला या सर्व इतिहासात फार हृद्य वाटते.

मौनाचा हा दोष केवळ साम्यवादी राजवटीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पाश्चात्य वृत्तपत्रांनी तेव्हा तेच केले. इतिहास मात्र तशी मुभा देत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची पहिली सर्वसाधारण परिषद १ ऑक्टोबर १९५७ रोजी व्हिएन्नात सुरू झाली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेली ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना तेथे मूर्त रूप घेत होती. होली सी, म्हणजे आपले धर्मपीठ, त्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. भारतही होता. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हा येथील अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील परिषदेचे अध्यक्षपद भूषविले होते, त्यामुळे आपल्या देशाच्या शब्दाला तेथे वजन होते.

आता तारखा पाहा. परिषद भरण्याच्या दोनच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, उरल पर्वताच्या पायथ्याशी मायाक येथील गुप्त कारखान्यात किरणोत्सर्गी कचऱ्याची टाकी फुटली. पुढे हजारो ग्रामस्थांना घरेदारे सोडावी लागली. आणि परिषद चालू असतानाच, १० ऑक्टोबरला, इंग्लंडमधील विंडस्केल येथे अणुभट्टीला आग लागली. एकीकडे सहकार्याची भाषणे चालू होती, आणि सभागृहात बसलेल्या दोन बड्या राष्ट्रांच्या पोटात ही दोन गुपिते होती. विंडस्केलच्या आसपासच्या सुमारे पाचशे चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध इंग्रज सरकारने ओतून दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु चौकशीचा संपूर्ण अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनी दडपला आणि तो उजेडात यायला १९८८ साल उजाडले. मायाकची वाच्यता तर १९७६ साली झोरेस मेदवेदेव या परागंदा रशियन शास्त्रज्ञाने केली तेव्हा झाली, आणि सोव्हिएत सरकारने ती १९८९ मध्ये मान्य केली. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला या स्फोटाची कुणकुण पूर्वीच लागली होती. पण स्वतःच्या जनतेच्या मनात अणुशक्तीविषयी भय उत्पन्न व्हावे, अशी इच्छा कोणाची होती?

कायद्याच्या बाजूने पाहता या काळात जे घडले ते तुटपुंजे होते. १९६३ साली डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन या चार शेजाऱ्यांनी अणुसंस्थेसह परस्परसाहाय्याचा एक करार केला. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माईल आयलंड येथे अपघात झाला. त्यानंतर व्हिएन्नात तज्ज्ञ बसले आणि १९८४-८५ मध्ये दोन मार्गदर्शिका निघाल्या. एक साहाय्याविषयी, दुसरी सीमेपलीकडे जाणाऱ्या किरणोत्सर्गाची माहिती देण्याविषयी. त्या पाळणे कोणावरही बंधनकारक नव्हते. त्या कपाटात जाऊन पडल्या.

चेर्नोबिलने ते कपाट उघडले. मेच्या पूर्वार्धात संस्थेचे महासंचालक हान्स ब्लिक्स यांनी मॉस्कोला जाऊन हेलिकॉप्टरमधून त्या धुमसत्या केंद्राची पाहणी केली. टोकियोत जमलेल्या सात धनिक राष्ट्रांनी ५ मे रोजी तातडीने माहिती देण्याच्या कराराची मागणी केली; गोर्बाचेव्ह यांनीही १४ मेच्या भाषणात तशीच व्यवस्था सुचविली. २१ जुलैला विविध सरकारांचे तज्ज्ञ व्हिएन्नात मसुदा करायला बसले आणि १५ ऑगस्टला उठले. चार आठवड्यांत दोन मसुदे तयार! आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मुंगीच्या चालीची ज्यांना कल्पना आहे, त्यांना याचे नवल वाटेल. पण कपाटातले जुने कागद त्या वेळी कामास आले. दहा दिवसांनी सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हालेरी लेगासोव्ह यांनी त्याच नगरीत शेकडो परदेशी तज्ज्ञांपुढे सुमारे पाच तास अपघाताची हकीकत सांगितली. ऐकणारे अविश्वासाने आले होते. त्यांनी टाळ्यांचा गजर केला. लेगासोव्ह यांनी पुष्कळ सांगितले हे खरे. तथापि सर्व नव्हे. दोष मुख्यतः चालकांच्या माथी गेला. अणुभट्टीच्या रचनेतच खोट होती, संकटकाळी तिला विझवण्यासाठी खाली सोडावयाचे नियंत्रक दांडेच क्षणभर तिला भडकवू शकत होते, ही गोष्ट १९९२ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय अहवालात पुरती मांडली गेली. त्याच जातीच्या भट्टीत १९७५ साली लेनिनग्राडजवळ जे घडले होते, तेही चेर्नोबिलच्या चालकांना कोणी नीट सांगितले नव्हते. मौन प्रथम घरात असते; सीमेवर ते नंतर पोहोचते. लेगासोव्ह यांनी २७ एप्रिल १९८८ रोजी आपले जीवन संपविले.

दोन्ही करार २६ सप्टेंबर १९८६ रोजी, स्फोटाला बरोबर पाच महिने होत असताना, स्वीकारले गेले. पहिला करार सत्वर सूचनेचा. ज्या राष्ट्राच्या हद्दीत अपघात होईल आणि ज्याचा किरणोत्सर्ग सीमा ओलांडून दुसऱ्या राष्ट्राला बाधेल किंवा बाधण्याचा संभव असेल, त्याने तत्काळ कळवावे; अपघाताची वेळ, स्थळ, स्वरूप, बाहेर पडलेल्या द्रव्यांचे प्रमाण, वाऱ्याची स्थिती, योजलेले उपाय हे सर्व सांगावे. तीन राष्ट्रांची संमती पुरेशी असल्याने तो महिन्याभरात, २७ ऑक्टोबरला, अमलात आला. वर्ष संपण्यापूर्वी सोव्हिएत रशियानेही त्याला मान्यता दिली. भारताने ती जानेवारी १९८८ मध्ये दिली.

यात एक भगदाड आहे. अण्वस्त्रांच्या अपघाताविषयी कळवण्याचे बंधन नाही. राष्ट्राने वाटल्यास स्वेच्छेने कळवावे. पाच अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी आपण तसे कळवू असे जाहीर केले, इतकेच. शिवाय किरणोत्सर्ग ‘महत्त्वाचा’ आहे की नाही, हे अपघातग्रस्त राष्ट्रानेच ठरवायचे आणि न कळवल्यास शिक्षा नाही. या सवलती दिल्या नसत्या तर करार झालाच नसता, असे विधिज्ञ सांगतात. ते खरे असावे. तरीही मला ते भगदाडच वाटते.

शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न मुंबईलाही त्याच सुमारास पडला. तेव्हा मी शाळकरी होतो. चेर्नोबिलची धूळ पश्चिम युरोपच्या कुरणांवरही पडली होती. युरोपीय आर्थिक समुदायाने दुग्धविकासाच्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेसाठी भारताला दिलेल्या मदतीतून आयर्लंडचे लोणी मुंबईत आले. त्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे, ते बाजारात जाऊ देऊ नये, अशी याचिका काही जागरूक नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात केली. ती फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असलेले पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत, असा निर्वाळा समितीने दिला आणि १९८८ मध्ये याचिका निकालात निघाली. आमच्या घरी मात्र पावाला लोणी लावताना आई बराच काळ डब्याकडे संशयाने पाहत असे. लोणी खरोखर निर्धोक होते, हे मला शास्त्र मान्य करायला लावते. आईचा संशय चुकीचा होता असे म्हणवत नाही. ज्यांनी आधी सांगितले नाही, त्यांच्या नंतरच्या आकड्यांवर विश्वास बसायला वेळ लागतो.

दुसरा करार साहाय्याचा. तो फेब्रुवारी १९८७ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ब्राझीलमधील गोयानिया शहरात त्याची कसोटी लागली. एका ओसाड पडलेल्या रुग्णालयातून कर्करोगावरील उपचारांचे यंत्र दोघांनी उचलून नेले आणि भंगारवाल्याला विकले. फोडलेल्या नळकांड्यातील सीझियमची भुकटी अंधारात निळसर चमकत असे. लोकांनी कौतुकाने ती वाटून घेतली, अंगाला चोळली. घरातील माणसे एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीच्या मनात पाल चुकचुकली. ते नळकांडे पिशवीत भरून, बसने जाऊन, तिने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेऊन दिले. त्यामुळे उलगडा झाला. चौघे मृत्युमुखी पडले. त्यांत ती स्त्रीही होती आणि तिची सहा वर्षांची पुतणीही. ब्राझीलने लपवाछपवी न करता कराराच्या आधारे व्हिएन्नाकडे मदत मागितली. सोव्हिएत आणि अमेरिकन डॉक्टर एकाच शहरात, एकाच कामासाठी येऊन पोहोचले. शीतयुद्ध अद्याप संपले नव्हते. एक लाख बारा हजार नागरिकांची तपासणी झाली. प्रिप्यातच्या तुलनेत हे लहान संकट. पण येथे एका अल्पशिक्षित स्त्रीने जे केले, ते मोठ्या राष्ट्रांना साधले नव्हते.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९९४ चा अणुसुरक्षा करार. अपघात झाल्यावर कळवणे पुरेसे नाही, अपघात होऊ नये म्हणून काय करता तेही सांगा, ही त्यामागील भूमिका. दर तीन वर्षांनी प्रत्येक राष्ट्राने आपल्या वीजकेंद्रांचा अहवाल ठेवायचा आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारायचे. यातही दंड नाही. लाज हीच शिक्षा. भारताने २००५ मध्ये या कराराला संमती दिली. वसई-पालघरच्या आपल्या धर्मग्रामांना याचा थेट संबंध आहे, कारण आपल्याच किनाऱ्यावर तारापूर येथे १९६९ साली भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्या भट्ट्यांच्याच अमेरिकन घराण्यातील, वयाने थोड्या वडील.

११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा कोसळले, तेव्हा जपानने व्हिएन्नाला त्याच दिवशी कळवले. हे १९८६ चे फळ. तथापि ४ एप्रिलला हजारो टन सौम्य किरणोत्सर्गी पाणी समुद्रात सोडताना शेजारच्या दक्षिण कोरियाला आधी सांगितले नाही, म्हणून त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे साठवलेले प्रक्रिया केलेले पाणी २०२३ च्या ऑगस्टपासून सोडायचे ठरले, तेव्हा जपानने दोन वर्षे आधी घोषणा केली आणि अणुसंस्थेकडून तपासणी करून घेतली. तरी चीनने जपानी मासळीवर बंदी घातलीच. समुद्रावर पोट असलेल्या आपल्या कोळी बांधवांना त्या जपानी मच्छीमारांची चिंता वेगळी समजावून सांगायला नको.

जुने दुखणे सरले आहे असेही नाही. २०१७ च्या शरद ऋतूत युरोपभर हवेत रुथेनियम हे किरणोत्सर्गी द्रव्य सापडले. प्रमाण अल्प, आरोग्यास अपाय नाही. वाऱ्याचा माग काढत शास्त्रज्ञ उरल पर्वताच्या दक्षिणेस पोहोचले आणि बहुतेकांचे बोट मायाककडे वळले; त्याच, १९५७ च्या मायाककडे. रशियाने आपल्याकडे असा काही अपघात झाल्याचे नाकारले. करार होता, स्वाक्षरी होती, दूरध्वनी क्रमांकही ठरलेले होते.

आणि ज्या गोष्टीची कल्पना १९८६ च्या मसुदाकारांनी केली नव्हती, ती २०२२ मध्ये घडली. ४ मार्च रोजी रशियन सैन्याने युक्रेनमधील झापोरिझ्झिया हे सहा भट्ट्यांचे, युरोपातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र ताब्यात घेतले. १ सप्टेंबरला महासंचालक राफाएल ग्रोसी आपल्या निरीक्षकांसह गोळीबाराच्या रेषा ओलांडून तेथे पोहोचले आणि काहींना तेथेच ठेवून परतले. तेव्हापासून संस्थेची माणसे आळीपाळीने तेथे राहून पाहिलेले जगाला कळवीत आली आहेत. त्यांच्या हाती शस्त्र नाही, हुकूम देण्याचा अधिकार नाही.

युद्धकाळात अणुकेंद्रांवर हल्ला करू नये, याविषयी आपल्या उपखंडात मात्र एक जुना करार आहे, आणि त्याची कोणी फारशी आठवण काढत नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या उपस्थितीत इस्लामाबादेत त्यावर सह्या झाल्या आणि जानेवारी १९९१ मध्ये तो लागू झाला. आपापल्या अणुकेंद्रांची यादी दोन्ही देशांनी दरवर्षी एकमेकांना द्यावी, असे त्यात ठरले आहे. पहिली यादी १ जानेवारी १९९२ रोजी दिली गेली. पुढे कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर हल्ला झाला. यादी देणे थांबले नाही. आपण नववर्षाच्या आणि जागतिक शांतिदिनाच्या मिस्साबलिदानासाठी चर्चमध्ये जमलेलो असतो, त्याच दिवशी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे दोन बंद लिफाफे एकाच वेळी सुपूर्त होतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर त्याची चार ओळींची बातमी येते.